तीन बिड्यांचं प्लास्टर

बी.एस्सी. झालेल्या पोरानं एक तर शाळेत मास्तर व्हावं नाहीतर रेल्वेत चिकटावं, असं आमच्या गल्लीचं ठाम मत होतं. मला दोन्हीकडे कुणी घेतलं नाही. वर्षभर घरी बसून आईच्या भाकऱ्या मोडल्या आणि मग हिंगणा रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये, केमिस्ट म्हणून लागलो. सत्तरीचं दशक नुकतं लागलं होतं. शेडमध्ये प्लास्टरचे बोर्ड बनायचे, ऑफिसांमधल्या आडभिंतींना आणि छताखाली लावायला. केमिस्टनं नेमकं काय करायचं हे मालकाला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून मी पोत्यांच्या थप्पीवर बसायचो आणि वहीत काहीतरी लिहीत राहायचो.

ही नोकरी मला काकाजींनी लावून दिली. काकाजी त्या कारखान्यातले मिस्त्री, आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहायचे. नात्यानं आमचे कुणी नव्हते. छप्पन साली दीक्षा घ्यायला माझे वडील आणि ते एकाच सायकलवर गेले होते, आणि आमच्याकडे एवढं नातं पुरायचं. वडील गेल्यावर ते महिन्यातून एकदा तरी घरी यायचे, चहा प्यायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, “एवढा शिकला, अन घरी बसून राहिला काहून?” शेवटी त्यांनीच मालकाकडे शब्द टाकला. “सेठजी, आपल्या वस्तीतला पोट्टा आहे. केमिस्ट्री शिकला. तुमच्या मालाले वळण लावते पाहा.”

काम तसं सोपं होतं. राजस्थानातून वॅगनीनं जिप्समचा दगड यायचा. तो कुटून मोठ्या लोखंडी कढईत भाजायचा. त्यातलं पाणी उडालं की पांढरं पीठ उरायचं, तेच प्लास्टर. त्यात पुन्हा पाणी घातलं की ते गेलेलं पाणी पिऊन घेतं आणि परत दगड होतं. शेडमध्ये तीन लांब, गुळगुळीत ओटे होते. ओट्यावर खाकी कागद अंथरायचा, त्यावर कालवलेलं प्लास्टर ओतायचं, वरून दुसरा कागद घालायचा आणि दोघांनी दोन टोकं धरून लोखंडी लाटणं फिरवायचं. मग वाट बघायची. प्लास्टर घट्ट झालं की तिथे ‘माल धरला’ म्हणत. माल धरला की चार बाया चार कोपऱ्यांना लागायच्या, बोर्ड उचलायच्या आणि बाहेर उन्हात उभा करायच्या. लवकर उचलला तर बोर्डाला मधोमध झोल पडायचा आणि तो मागच्या ढिगावर जायचा. उशिरा उचलला तर तेवढा वेळ ओटा अडून राहायचा.

कधी उचलायचा ते काकाजी सांगायचे. प्लास्टर धरताना गरम होतं, हाताला ऊब लागते. काकाजी उजव्या हाताची करंगळी बोर्डाच्या टोकाला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “आली ऊब.” की बाया पदर खोचून पुढे. भिंतीवर घड्याळ होतं, पण तिकडे कुणी बघायचं नाही. नव्या बाईनं चुकून बघितलंच तर काकाजी म्हणायचे, “घड्याळ काहाले पाह्यते वं? घड्याळ सेठजीचं आहे, बोट आपलं आहे.” एका ओट्यावर माल ओतून झाला की ते बिडी पेटवायचे, मग दुसऱ्या ओट्याकडे जायचे. वीस-बावीस मिनिटांनी पहिल्या ओट्यावर परत यायचे. त्यांची ऊब कधी चुकली असं मी दोन वर्षांत पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी मालकाला एका सरकारी इमारतीचं मोठं काम मिळालं. त्यांनी मला पोत्यांवरून उठवलं आणि विचारलं, “दिवसाले दुप्पट माल पाहिजे. ओटे वाढवायले जागा नाही. मग काय करशील?”

मी म्हणालो, “माल लवकर धरला पाहिजे.”

“तो धराव ना. वीस मिनटं लागतात, सातमंदी कर. केमिस्ट आहे ना बे तू?”

दोन वर्षांत मला कुणीतरी पहिल्यांदा केमिस्टचं काम सांगितलं होतं. मी आधी कोमट पाणी घालून पाहिलं, थोडा फरक पडला. मग तुरटी घातली. मग मीठ. मिठानं माल झटकन धरला, आणि मी दोन दिवस छाती काढून हिंडलो. पण हवा दमट झाली तशी बोर्डांवर पांढरी लव उगवली आणि कागद पापुद्र्यासारखा सुटून आला. बाया मला विचारायला लागल्या, “केमिस्टभाऊ, भिंत करून राहिले का लोणचं?” मी चिडायचो. चिडलो की त्या आणखी विचारायच्या.

उत्तर घमेल्यात होतं आणि ते रोज माझ्या डोळ्यांसमोर घासलं जात होतं. प्रत्येक घाणा कालवल्यावर काकाजी घमेलं नारळाच्या काथ्यानं तीन-तीनदा घासून घ्यायचे. घासणाऱ्या बाईवर तेवढ्यापुरते ओरडायचेसुद्धा. एकदा मी सहज विचारलं, “एवढं काहून घासायचं?”

“जुना माल चिकटून राहिला का नवा भांड्यातच धरते गा. ओट्यापर्यंत पोचतच नाही.”

हेच मी कॉलेजात पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पुस्तकातलं आणि घमेल्यातलं यांची माझ्या डोक्यात गाठ पडली नव्हती, कारण डोकं माझं होतं. धरलेल्या प्लास्टरचा बारीक चुरा नव्या मालात पडला की नवा माल त्या कणांना धरून भराभर घट्ट होतो. दुधात विरजण लावतो तसंच. मागे मोडक्या बोर्डांचा डोंगर पडलेला होता. मी त्यातले तुकडे घेतले, कागद सोलून काढला, वाळवले आणि लोखंडी गोळे घातलेल्या फिरत्या पिंपात मैद्यासारखे दळून घेतले. ताजं दळलेलं जोरात चालायचं, पण उघडं राहिलं की चार दिवसांत मरायचं. दळतानाच त्यात थोडं मक्याचं पीठ घातलं तर टिकायचं. हे सगळं कळायला दीड महिना गेला. बाया त्याला विरजणच म्हणायला लागल्या आणि वहीत मीही तेच नाव लिहिलं.

एका घाण्याला एक मूठ विरजण. माल सात मिनिटांत धरला. मालकांनी भिंतीवरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि तीनदा तपासलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी संत्र्याची बर्फी आणली. काकाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “माहा शब्द राखला गा तू.” मला फार आनंद झाला. एवढा आनंद त्या कारखान्यात मला पुन्हा झाला नाही.

आठवड्याभरात बोर्ड बिघडायला लागले. चारातल्या एकाला झोल. कधी उलटं व्हायचं, ओटा वेळेवर रिकामा व्हायचा नाही आणि तोवर पुढचा घाणा घमेल्यातच दगड होऊन बसायचा, तो छिन्नीनं फोडावा लागायचा. मालकांचा पारा चढला. बर्फी खाऊ घातल्याचा त्यांना पश्चात्ताप होत असावा. मी विरजण कमी केलं, वाढवलं, पुन्हा दळलं, पाणी मोजून घातलं. वहीची पानंच्या पानं भरली. मग एक दिवस ती पानं वाचताना लक्षात आलं की चूक दोन्ही बाजूंनी होतेय. कधी बोर्ड लवकर उचलला जातोय, कधी उशिरा. विरजण बिघडलं तर ते एकाच बाजूनं बिघडेल. म्हणजे माल बरोबर वेळेवर धरत होता. उचलण्याची वेळ चुकत होती.

दुसऱ्या दिवशी मी काकाजींच्या समोर, ओट्याच्या पलीकडच्या टोकाला उभा राहिलो आणि माझी करंगळी बोर्डाला टेकवली. काकाजींनी त्यांची टेकवली, डोळे मिटले. थोड्या वेळानं माझ्या बोटाला ऊब लागली. मग चांगलंच गरम लागायला लागलं. काकाजी गप्प.

“काकाजी, आली ना?”

“थांब गा. घाई काहाची?”

त्यांच्या डाव्या हातात बिडी होती. ती शेवटाला आली होती. निखारा दोन बोटांच्या मध्ये कातडीला टेकला होता आणि ते तसेच डोळे मिटून उभे होते. मला जळका वास आला. मी हात मारून बिडी खाली पाडली. काकाजींनी डोळे उघडले, आधी माझ्याकडे पाहिलं, मग बोटांकडे. बोटांच्या बेचक्यात काळा डाग होता आणि त्याच्या शेजारी तसलेच चार-पाच जुने डाग होते.

“आली ऊब,” ते बायांना म्हणाले, आणि मला खुणेनं मागे यायला सांगितलं.

मोडक्या बोर्डांच्या ढिगामागे त्यांनी शर्टाची बाही वर सारली. मेच्या उन्हातसुद्धा हा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो आणि बटणं लावून घेतो, याची आम्ही सगळे थट्टा करायचो. मनगटाच्या वर फिकट, कोरडा चट्टा होता. त्यावर एकही केस नव्हता. दुसऱ्या हातावरही तसाच होता. “तीन वर्ष झाले,” ते म्हणाले. “पहिले करंगळी गेली, मग बाकीचे बोटं. दुखत काहीच नाही.”

“मग इतके दिवस ऊब कशी समजायची?”

“बिडीवर.” त्यांनी तीन बोटं दाखवली. “पहिल्या ओट्यावर ओतलं का एक, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर एक. तिसरी विझली का पहिल्यावरचा माल धरला. कधी चुकलो काय?”

कधीच चुकले नव्हते. वीस-बावीस मिनिटांच्या कामात तीन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी काही बिघडत नसे, आणि त्या तीन-चार मिनिटांच्या आडोशाला हा माणूस तीन वर्षं लपून होता. मी विरजण लावून तो आडोसा काढून घेतला. सात मिनिटांत तीन बिड्या बसत नव्हत्या. बसेल अशी एक बिडी त्यांनी शोधून पाहिली, पण बिडी कधी जोरात ओढली जाते, कधी विझते. आणि घड्याळाकडे त्यांनी एकदा जरी बघितलं असतं तरी बायांनी विचारलं असतं, बोटाला काय झालं?

मी म्हणालो, “यावर गोळ्या मिळतात. सरकारी दवाखान्यात, फुकट. बरं होतं.”

“मालूम आहे मले. पण त्या रांगेत आज उभा राहिलो, तर संध्याकाळपर्यंत गल्लीले समजते. सुनेच्या माहेरचे तिले अन पोट्टीले घेऊन जातात. अन सेठजी? शेडमंदी पाय ठेवू देईन काय मले?” ती पोट्टी म्हणजे त्यांची नात, वर्षाचीही नव्हती. मुलगा नागपुरात नव्हता, ट्रकवर होता. “माहं सारं ह्या एका बोटावर चालून राहिलं. कोणाले सांगू नको गा. तुह्या बापाची शपथ आहे तुले.”

महारोग हा शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि मीही उच्चारला नाही. मी शपथ घेतली. त्या दिवशी घरी जाऊन मी नळावर तीनदा साबणानं हात धुतले. केमिस्ट्री शिकलेल्या माणसानं, बापाच्या जागी असलेल्या माणसाला वचन देऊन आल्यावर, तीनदा हात धुतले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पण मला काहीतरी करायचं होतं, आणि ते मी केलं. पोती शिवायचं एक जाड दाभण घेतलं, त्याला लाकडी मूठ बसवली, मुठीवर शिशाचं वजन बांधलं. ते ठरावीक उंचीवरून बोर्डाच्या टोकावर सोडायचं. आत शिरलं तर माल कच्चा. वरच थांबलं, टोकाचा नुसता ठिपका उठला, की उचला. त्याला बोटाची गरज नव्हती, डोळे पुरत होते. मालकांना सांगितलं की मोठ्या कारखान्यांमध्ये असंच करतात, बोटानं वगैरे कुणी बघत नाही. मोठ्या कारखान्यांचं नाव काढलं की मालक काहीही मान्य करायचे.

काकाजी दाभण टाकायला लागले. पंधरा दिवस सगळं बरोबर चाललं. एकाही बोर्डाला झोल नाही. काकाजी सवयीनं करंगळी लावायचे, डोळे मिटायचे, मग हळूच डोळे उघडून दाभणाचा ठिपका बघायचे आणि म्हणायचे, “आली ऊब.” माझ्याकडे बघून अगदी किंचित मान हलवायचे. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. मला वाटत होतं की मी त्यांना वाचवलं.

ज्या कामाला फक्त डोळे लागतात ते कुणालाही येतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. काकाजी पाणी प्यायला गेले की कोपऱ्यावरची एक चलाख बाई दाभण उचलायची, टाकायची आणि त्यांचाच आवाज काढून ओरडायची, “आली ऊब!” सगळ्या हसायच्या. काकाजीही हसायचे. एकदा मालक दारात उभे होते. त्यांनी ती बाई पाहिली, बोर्ड नीट उचललेला पाहिला, आणि ते आत गेले.

दोन दिवसांनी भट्टीवरचा माणूस काम सोडून गेला. मालकांनी काकाजींना आणि मला बोलावलं. ते रागात नव्हते, उलट चांगल्याच मनानं बोलत होते. “दाभण टाकायले मिस्त्री काहाले पाहिजे? ते तर ह्या बाया करून राहिल्या. भट्टीवर मात्र जुना माणूस पाहिजे. भाजणी चुकली तर सारंच गेलं. काकाजी, उद्यापासून भट्टी तुमची.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय केमिस्ट, बरोबर आहे ना?”

काकाजी माझ्याकडे बघत होते. भट्टी म्हणजे काय ते आम्हा दोघांना माहीत होतं. लाल तापलेली कढई, लोखंडी फावडं, चारही बाजूंनी आच. आणि हाताला काही न समजणारा माणूस.

मी म्हणालो, “हो. बरोबर आहे.”

काकाजी म्हणाले, “ठीक आहे सेठजी.”

पुढे कितीतरी वर्षं मी त्या क्षणाला बोलता आली असती अशी वाक्यं जुळवत बसलो. विरजण दळायला मला काकाजी पाहिजेत, असं म्हणता आलं असतं. धुरानं त्यांना खोकला होतो, असं म्हणता आलं असतं. खोटं बोलायला बी.एस्सी. व्हावं लागत नाही. खरं बोललो असतो तर शपथ मोडली असती, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत होतो. पण खरं कारण तेही नव्हतं. मालक मला विचारत होते, माझ्या दाभणाचं कौतुक होत होतं, आणि तोंडातून हो निघालं. त्या वेळी मला काही वाटलंसुद्धा नाही. छातीत धडधडलं असतं तरी मी स्वतःला माफ केलं असतं.

काकाजींनी मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. ते हातांना पोत्याची फडकी बांधून भट्टीवर उभे राहायचे. मी दिवसातून एकदा तिकडे चक्कर मारायचो आणि म्हणायचो, “सांभाळून बरं का.” ते म्हणायचे, “हो गा.” असे दहा-बारा दिवस गेले. मी विरजणाचं प्रमाण आणखी थोडं वाढवून पाहत होतो. सातऐवजी सहा मिनिटं होतात का, याचा मला नाद लागला होता.

ती दुपारची वेळ होती. जिप्सम भाजताना कढईत दुधासारखं खदखदतं. खदखद थांबली की भाजणी झाली असं समजायचं. ती थांबली का हे बघायला काकाजी वाकले. घामानं डोळ्यांवर पाणी येत होतं, ते पुसायला एका हाताचं फडकं त्यांनी सोडलं होतं. वाकताना आधार म्हणून तोच उजवा हात त्यांनी कढईच्या काठावर टेकवला आणि तसेच बघत राहिले.

कोळसा ओढणाऱ्या माणसाला वास आला. तो म्हणाला, “काकाजी, काय जळून राहिलं?”

“कुठं काय?” काकाजी म्हणाले, आणि मान वळवून आजूबाजूला बघायला लागले.

हे मला त्या कोळसेवाल्यानं नंतर सांगितलं. त्यानं खेचून हात सोडवला. मी पोचलो तेव्हा काकाजी पोत्यावर बसले होते, आणि सगळे त्यांच्याभोवती ओरडत होते. ओरडत नव्हते फक्त काकाजी. ते आपला हात दुसऱ्या हातानं धरून सगळ्यांना सांगत होते, “काही नाही झालं, काही नाही झालं.”

मालकांच्या जीपमधून आम्ही त्यांना धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. जखम पाहताना त्यानं दोनदा काकाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे दुखत असल्याची एकही आठी नव्हती. त्यानं दुसऱ्या हाताची बाही वर केली, काकाजींना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची वात बोटांवर फिरवली. “लागलं की सांगा.”

“लागते,” काकाजी म्हणाले.

डॉक्टरनं अजून कापूस टेकवलाच नव्हता. त्यानं टेकवला, काकाजी गप्प. त्यानं उचलला, काकाजी म्हणाले, “लागते.” अंदाजानं सांगत होते. बिड्या मोजायची तिथे सोय नव्हती.

डॉक्टरनं रोगाचं नाव मोठ्यानं घेतलं. मालक दोन पावलं मागे सरून दाराला टेकले. डॉक्टर म्हणाला की घाबरण्यासारखं काही नाही, गोळ्यांनी आजार थांबतो, पण गेलेली संवेदना परत येत नाही; वेळेवर आणायला हवं होतं, आणि अशा माणसाला आगीजवळ कुणी उभं केलं? मालक माझ्याकडे बघायला लागले. मी वर बघत राहिलो. छताला प्लास्टरचे बोर्ड होते. आमच्याकडचे नव्हते, जोड नीट बसवलेले नव्हते.

उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. त्यात करंगळी होती. मालकांनी शेड फिनाइलनं धुऊन घेतली, तिन्ही ओटे धुतले, भिंतीला चुना मारला. बाया एकमेकींना विचारत होत्या की काकाजींच्या लोट्यानं कोण कोण पाणी प्यायलं होतं. मला कुणी काही विचारलं नाही. मी कामावर जात राहिलो. जेवायचो, झोपायचो, सायकलमध्ये हवा भरायचो. विरजणाचं प्रमाण जमलं आणि माल सहा मिनिटांत धरायला लागला. मी ते वहीत लिहिलं. आई रोज म्हणायची, जाऊन ये रे एकदा त्यांच्याकडे. तीन गल्ल्या ओलांडायला मला दीड महिना लागला.

रविवारी सकाळी गेलो. काकाजी अंगणात बाजेवर बसले होते. उजव्या हाताला बँडेज होतं. नात मांडीवर आडवी झोपली होती आणि डावा हात तिच्या कपाळावर होता. मला वाटलं होतं की सून माहेरी गेली असेल. माहेरचे न्यायला आलेही होते, पण ती गेली नव्हती. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

“ये गा,” ते म्हणाले. “बस. भिऊ नको, गोळ्या खाऊन राहिलो. आता जातो रांगेत. आता काय झाकायचं?”

मी बाजेच्या टोकाला बसलो. टोकालाच बसलो.

“माल कितीमंदी धरते आता?”

“सहा मिनिटांत.”

“सहा!” त्यांना मनापासून कौतुक वाटलं. मग म्हणाले, “तू दाभण आणलं ना, तवा मले समजलं होतं, का तू मले झाकून राहिला. मी सुनेलेही सांगितलं, पोट्टा बापाच्या वळणावर गेला म्हणून.” “मग भट्टीच्या वक्ती काहून नाही बोलला गा?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचलं असतं. माफी मागायची म्हणून घरून ठरवून आलो होतो, चार वाक्यं पाठही केली होती. एकही आलं नाही. शेवटी काकाजींनीच विषय बदलला.

“पोट्टी आज खेळत नाही, नुसती पडून आहे. जरा हात लावून पाह्य बरं तिले. मले समजत नाही.”

त्यांनी आपला हात बाजूला घेतला. मी माझा तिच्या कपाळावर ठेवला. कपाळ भाजत होतं.

“काकाजी, हिला ताप आहे. खूप आहे.”

ते घाबरून सुनेला हाक मारायला लागले. सून ओल्या हातांनी धावत आली, तिनं मुलीला उचलून छातीशी धरलं आणि तिचा चेहराच उतरला.

“अवं बाई! सकाळपासून तर बाबा हिच्या कपाळावर हात ठेवूनच बसून राहिले होते.”